वेग कमी करणं हा उपाय नव्हे

फुटबॉल खेळणारे रोबोट चेंडू ओलांडून पुढे जायचे म्हणून एका संघाने त्यांचा वेग निम्म्यावर आणला, असं त्या संघावरच्या लेखात आहे. पटलं नाही. दोष मोटरचा नाही, उशिराचा आहे. रोबोकप या रोबोटांच्या स्पर्धेतल्या स्मॉल साइझ लीगमध्ये, म्हणजे छोट्या रोबोटांच्या फुटबॉल गटात, मैदानावर टांगलेल्या कॅमेऱ्याचं चित्र, त्यावर प्रक्रिया, मग रेडिओवरून आज्ञा, यात धरा 100 मिलिसेकंद गेले. सेकंदाला 2 मीटर धावणारा रोबोट तेवढ्यात 20 सेंटिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या 18 सेंटिमीटर व्यासाहून जास्त!

आधी उशीर मोजा: रोबोटला मागेपुढे हलवा, आज्ञेचा आणि कॅमेऱ्यात दिसलेल्या वेगाचा आलेख एकावर एक ठेवा, मधलं अंतर तोच उशीर. मग पाठवलेल्या पण अजून चित्रात न उमटलेल्या आज्ञा जमेस धरून कालमन फिल्टरने (मोजमाप आणि अंदाज यांची सांगड घालणारी गणिती पद्धत) रोबोटची आत्ताची जागा काढा. चाकं घसरत असतील तर मात्र हे गणित फसतं, तेवढं आधी बघा.