वातावरण तापते ते खालून: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या उन्हाळ्यावरील माझा लेख आपण इतक्या बारकाईने वाचलात, याबद्दल मनःपूर्वक आभार. आपले आक्षेप दोन आहेत. 'आज शहराचे वातावरण ४५ अंशांवर गेले' हे माझे वाक्य चुकीचे आहे, हा पहिला. पृथ्वीभोवतीच्या वायूंच्या थराला दिलेले नाव 'घरातले वातावरण', 'सभेतले वातावरण' असे सैलपणे वापरल्याने शास्त्रीय संज्ञेची धार बोथट होते, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. अंशांत मोजतात ते तापमान. वातावरण म्हणजे वाताचे आवरण: ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेल्या भागात आर्गॉन, कार्बन डायऑक्साइड वगैरे, शिवाय ऋतूप्रमाणे कमीजास्त होणारे बाष्प. या सगळ्या थराचे मिळून एकच तापमान असणे शक्य नाही. बातम्यांतील 'ढगाळ वातावरण' हा प्रयोगही मला याच कारणाने खटकतो. ढग जवळजवळ सगळे तपांबरात, म्हणजे सर्वांत खालच्या थरात असतात, तेव्हा तिथे 'हवामान' म्हणणेच योग्य.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही, आणि माझे कारण शास्त्रातलेच आहे. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो तो बाराच्या सुमारास, पण पारा सर्वाधिक चढतो दुपारी तीनच्या आसपास. सूर्याच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक भाग हवा स्वतः शोषते. जवळपास निम्मी ऊर्जा जमिनीत आणि समुद्रात मुरते, आणि मग तापलेली जमीन ती उष्णता स्पर्शाने, वर चढणाऱ्या प्रवाहांनी आणि अवरक्त किरणांनी हवेला परत देत राहते. वातावरण मुख्यतः तापते ते असे खालून. म्हणूनच सुमारे ३१० मीटर उंचीवरच्या नागपुरातून अकराशे मीटरवरच्या चिखलदऱ्याला गेलो की, सूर्याच्या जवळ जाऊनही, चार-पाच अंशांचा दिलासा मिळतो.

आता घराकडे येतो. माझे बालपण नागपूरच्या महाल या वस्तीतील दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात गेले. संध्याकाळी वडील अंगणात सायकल स्टँडवर लावीत. एरवी तो आवाज हलका असे. काही दिवशी स्टँड फरशीवर आदळे, आणि कोणी एक शब्दही बोललेले नसताना आम्ही भावंडे पाढे म्हणण्याचा आवाज उतरवीत असू, आई स्टोव्हची वात कमी करून दाराकडे पाहत असे. त्या क्षणी घराचे वातावरण तापलेले होते, हे सांगायला मला आजही दुसरा शब्द सापडत नाही. तो राग त्या संध्याकाळचा नसे. थकलेले भाडे, शाळेची फी, किराणा दुकानातली उधारी हे सगळे महिनाभर जमिनीत मुरत आलेले असे, आणि शेवटच्या आठवड्यात ते वर येई.

लाक्षणिक अर्थ शास्त्रीय अर्थापासून तुटलेला नाही, असे मी म्हणतो ते यासाठी. उलट तो नीट वापरायचा तर शास्त्र ठाऊक असावे लागते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरले की 'ऐन थंडीत नागपूरचे वातावरण तापले' असा मथळा हमखास येतो, आणि दोष सभागृहातील एखाद्या भाषणाला दिला जातो. विदर्भातला कापूस आणि धानाचा भाव, विकासाचा अनुशेष, मोर्च्यांत चालून आलेल्या माणसांच्या मागण्या ही खालची तापलेली जमीन मथळ्यात दिसत नाही. शब्दाचा सैल वापर मला दिसतो तो इथे, आणि तिथे आपला राग माझाही आहे.

मूळ लेखात '४५ अंशांवर गेले' या वाक्यात मी 'वातावरण' काढून 'तापमान' लिहिले आहे. 'रस्त्यावरचे वातावरण सुन्न होते' हे पुढचे वाक्य मात्र विचारपूर्वक तसेच ठेवले आहे.