वायफायच्या त्या 'चार रामबाण उपायां'बद्दल

फॅमिली ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो: घरचं वायफाय रडत असेल तर मोठा प्लॅन घ्या, लांबच्या खोलीत रिपीटर (वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा) लावा, राउटरमागे ॲल्युमिनियम फॉइल लावा आणि नेटवर्कचं नाव लपवा, म्हणजे शेजारी फुकटात वापरणार नाहीत. चौथा सोडला तर एकही सल्ला अगदीच बिनबुडाचा नाही, म्हणूनच तो खपतो.

मोठ्या प्लॅनचंच घ्या. 100 एमबीपीएसचा प्लॅन 200 चा केला तरी स्पीड टेस्ट 94-95 वर अडकते, असं अनेकांचं होतं. कंपनीला शिव्या घालण्याआधी राउटरचे पोर्ट (केबल खोचायच्या खाचा) बघा. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरचे पोर्ट 100 एमबीपीएसचेच असतात आणि त्यातले पाच-सहा पॅकेटांच्या हेडरमध्येच (डेटाच्या पुडक्यांवरच्या पत्त्यांत) खर्च होतात. पोर्ट गिगाबिटचा (1000 एमबीपीएसचा) असेल तर केबलचं टोक उजेडात धरा. पारदर्शक प्लगमध्ये आठ रंगीत तारा दिसायला हव्यात. घाईत चारच तारा क्रिंप केलेल्या असतील तर 100 च्या वर काही जाणार नाही, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. प्लग नीट बसवून घ्या. साधी कॅट-5ई केबल 100 मीटरपर्यंत 1 गिगाबिट नेते, टू-बीएचकेला ती डोक्यावरून पाणी.

लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून स्पीड पूर्ण मिळतोय आणि बेडरूममध्ये पडतोय? मग प्लॅन कितीही वाढवा, पैसे पाण्यात. आधी शोभेसाठी टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंडलेला राउटर बाहेर काढा.

रिपीटर जिथे रेंज मरते तिथे लावला तर मेलेलीच रेंज पुढे ढकलतो. तो मधल्या वाटेवर हवा. त्यातही एकाच बँडवरचा (एकाच फ्रिक्वेन्सी पट्ट्यावर चालणारा) असेल तर ऐकायला नि बोलायला चॅनल तोच, त्यामुळे वेग साधारण निम्मा. त्यापेक्षा खोलीपर्यंत केबल ओढा आणि माळ्यावरचा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वायफायने देणारा डबा) करा: त्याचा आयपी बदला (मुख्य राउटर 192.168.1.1 असेल तर याला 192.168.1.2), डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना आयपी वाटणारी सोय) बंद करा आणि केबल वॅनमध्ये (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटचा पोर्ट) नाही, लॅन पोर्टमध्ये (घरातल्या उपकरणांचा) खोचा. ही वॅन-लॅनची गफलत भलेभले करतात.

फॉइलने रेंज वाढत नाही, वळते. एका खोलीला मिळालं ते दुसरीचं गेलं.

नाव लपवणं मात्र उलट अंगाशी येतं. लपवलेल्या नेटवर्कला जोडलेला फोन घराबाहेरही त्या नेटवर्कला नावानिशी हाका मारत फिरू शकतो, आणि फुकट मिळणाऱ्या स्कॅनरला नाव कळायला तेवढं पुरतं. शेजाऱ्याला अडवतो तो डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 (वायफायची सुरक्षा पद्धत) चा पासवर्ड. सोबत डब्ल्यूपीएसही (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा: त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे जेमतेम 11 हजार प्रयत्नांत सापडतो, हे 2011 मध्येच उघड झालंय. आणि पासवर्ड म्हणून स्वतःचा मोबाइल नंबर ठेवू नका. तो सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांकडे आहे.