डासाच्या जिवावर लिव्हरपूल

मराठवाड्यात जन्मला असाल तर उष्णकटिबंधीय आजारांवर पीएच.डी. करायची निम्मी पात्रता तुम्ही पाळण्यातच मिळवली. डास, साप, विंचू, सगळं घरचं. शिकायला मात्र हे आजार जिथं कुणाला होत नाहीत तिथल्या संस्थांत जायचं: लिव्हरपूल (स्थापना १८९८), लंडन (१८९९), अँटवर्प, बासेल. ताप एकीकडे आणि तापाचं अनुदान दुसरीकडे, ही या शास्त्राची जुनी शिस्त आहे.

विषय निवडताना डोकं चालवू नका. समजा तुम्हाला वाटलं, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही म्हणून लोक ड्रम भरून ठेवतात, त्या स्वच्छ साठ्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो, आणि आरोग्य खातं सांगतं की आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, भांडी रिकामी करा. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या बाईला सांगून बघा ड्रम ओतून द्यायला! म्हणजे डेंग्यूवरचा इलाज नळात आहे, असं तुम्ही अर्जात लिहाल, आणि तिथंच तुमचं घोडं अडेल. पाइपलाइनला जागतिक आरोग्य म्हणत नाहीत. 'अल्पसंसाधन समुदायांचे पाणीसाठवण-वर्तन' असं लिहा. दोष नळातून काढून बाईच्या वर्तनात ठेवला की पैसे हलतात.

'पूर्ण अनुदानित' वाचून लगेच पेढे वाटू नका. ब्रिटनमधल्या पुष्कळ जागांवर फी मिळते ती तिथल्या स्थानिक विद्यार्थ्याच्या दरानं. परदेशी माणसाची फी कितीतरी जास्त, वरचा फरक ज्याचा त्यानं भरायचा. आजार तुमचा, जिल्हा तुमचा, आणि परदेशीही तुम्हीच. इथंच राहून करतो म्हणाल तर फेलोशिपसाठी उपोषणाची सवय लावून घ्या. पीएच.डी. करून काय दिवे लावणार, हे तर २०२३ साली विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनातच विचारून झालंय.

जालना जिल्ह्यातून निघालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांचा आदर्श चुकूनही ठेवू नका. कोकणात विंचवाच्या रुग्णांच्या उशाशी बसून, रक्तदाबाच्या प्राझोसिन गोळीनं जीव वाचतो हे त्यांनी दाखवलं आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणलं. प्रश्न रुग्णाकडून घ्यायचा, उत्तरही त्यालाच द्यायचं, अशानं अनुदानाची सगळी साखळीच मोडते.

फिल्डवर्कची काळजी नको. कुठल्या घरात कोण तापलंय हे आशाताईला पाठ असतं. तिच्या हातात ॲप द्या, उन्हात फिरवा, शेवटी आभाराच्या पानावर 'स्थानिक कार्यकर्त्या' म्हणा. नाव कशाला? दराचा पायंडा जुनाच आहे. १८९७ साली, मराठवाडाही ज्या निजामाकडे होता त्याच्याच मुलखातल्या सिकंदराबादेत, मलेरिया डासातून पसरतो का हे शोधणाऱ्या रोनाल्ड रॉसनं हुसेन खान नावाच्या रुग्णाला डास चावून घ्यायला लावले, डासामागे एक आणा. रॉसला १९०२ चं नोबेल मिळालं. हुसेन खानाचा हिशेब आण्यांतच मिटला होता.

परत आलात की वेशीवर फ्लेक्स लागेल, शाल-श्रीफळ होईल. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी फणफणलेलं पोर घेऊन दारात येईल आणि म्हणेल, "डॉक्टरसाहेब, सुई मारा." आपण त्यातले डॉक्टर नाही, हे समजावत बसू नका. घरात ड्रम किती, झाकण आहे का, एवढं विचारा, संमतीपत्रावर बापाचा अंगठा घ्या आणि नमुनासंख्येत एक वाढवा.