मुलाला फोडणी शिकवा

आज संध्याकाळी किराणा दुकानात माझ्यापुढे एक मुलगा उभा होता. तेवीस-चोवीसचा असेल. नोकरीसाठी आलेला, मित्रांबरोबर फ्लॅटवर राहणारा. मोबाइलवर जिममधल्या ट्रेनरने पाठवलेली यादी उघडी होती: किनोआ, ओट्स, ऑलिव्ह ऑइल, चिया. दुकानदार म्हणाला, किनोआ नाही, ओट्स आहेत. मुलाने पाकिटावरची किंमत वाचली, पाकीट खाली ठेवलं आणि इन्स्टंट नूडल्सची चार पाकिटं घेतली. वळता वळता फोनवर कुणाला तरी म्हणाला, "हेल्दी खाणं आपल्याला परवडणारं नाही रे."

त्याच्या गुडघ्याला लागून मटकीचं पोतं उघडं होतं.

तेव्हापासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहितेय.

त्या मटकीचा हिशोब करू. किलोला दीडशे रुपये धरा, मुद्दाम चढाच भाव धरा. एका माणसाला एका वेळी ४० ग्रॅम पुरते. सहा रुपये झाले. मोड आल्यावर ती दुपटीहून जास्त फुगते, म्हणजे ताटात वाटीभर उसळ. कोरड्या मटकीत १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात, किनोआत १४च्या आसपास. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात २००० कॅलरीच्या दिवसाला डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी-मांस) ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम सांगितल्या आहेत. दुपारी वरण आणि रात्री उसळ खाल्ली की ८५ ग्रॅम जवळपास होतात. त्यासाठी परदेशी काहीही लागत नाही.

ओट्स वाईट नाहीत, मान्य. ज्याला परवडतात त्याने खावेत. पण ज्याला परवडत नाहीत त्याला "मग उपाशी राहा किंवा मैदा खा" असं ही यादी सांगते, आणि त्याचा मला संताप आहे.

त्या मुलाला मटकी दिसली नाही असं नाही. दिसली असेल. तिचं करायचं काय, हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. आणि ते किती साधं आहे बघा. सकाळी भिजत घाला, मटकीच्या तिप्पट पाणी. आठ-दहा तासांनी, म्हणजे कामावरून आल्यावर, पाणी पूर्ण निथळा आणि ओल्या पंच्यात सैलसर बांधून झाकून ठेवा. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी मोड येतात, थंडीत चोवीस तास लागतात. वास आला, चिकट झाली, तर बहुतेकदा दोनच कारणं: पाणी नीट निथळलं नाही, किंवा दहा तासांहून जास्त पाण्यात बुडवून ठेवली. निथळल्यावर एकदा चिवडून पाहा आणि न फुगलेले गणंग काढून टाका, ते किती शिजवले तरी शिजत नाहीत. मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये तीन दिवस राहते. दर रविवारी पाव किलो भिजवली की एका माणसाची आठवड्यातली निम्मी काळजी मिटते. उरलेली फ्रीझरमध्ये टाका.

आता फोडणी. सगळं इथेच बिघडतं, आणि इथे बिघडलं की माणूस म्हणतो "मला स्वयंपाक जमत नाही" आणि ॲप उघडतो. दोघांच्या उसळीला चहाचे तीन चमचे तेल पुरे. तेल तापलं का बघायला मोहरीचा एकच दाणा टाका. तडतडला की बाकीची मोहरी घाला. कोमट तेलात घातली तर ती तडतडत नाही, नुसती कडवट होऊन बसते. मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग जिरं, मग गॅस बारीक करून हिंग आणि सगळ्यात शेवटी हळद. हळद काही सेकंदांत करपते, म्हणून तिच्यामागोमाग लगेच कांदा किंवा मटकी पडली पाहिजे. कांदा-मिरची चिरून शेजारी तयार ठेवल्याशिवाय गॅस पेटवायचाच नाही. मग मटकी, मीठ, तिखट, थोडं पाणी, आणि झाकणावर पाणी ठेवून पंधरा मिनिटं. झाकणावरचं पाणी गरम होतं, उसळीत लागेल तसं तेच घालायचं. आमसूल, गूळ मटकी शिजल्यावर. आंबट आधी घातलं की कडधान्य शिजायला हट्ट करतं.

वरणाचंही तेच. "डाळ शिजत नाही" म्हणून पोरं चार शिट्ट्यांच्या दहा करतात आणि तरी वर पाणी, खाली डाळ. डाळ जुनी असेल किंवा बोअरचं जड पाणी असेल तर असं होतं. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. एक वाटी तूरडाळीला तीन वाट्या पाणी, हळद, हिंग, चार थेंब तेल म्हणजे फेस शिट्टीत चढत नाही. मीठ आणि टोमॅटो नंतर. तीन-चार शिट्ट्या झाल्या की पाच मिनिटं मंद गॅस, आणि मग वाफ आपोआप जाऊ द्या. शिट्टी उचलून वाफ काढायची घाई करू नका, उरलेल्या वाफेतच डाळ मऊ होते. सोडा मात्र घालू नका. त्याने डाळीतलं ब-१ जीवनसत्त्व जातं.

हे लिहिताना राग थोडा उतरला, कारण त्या मुलाचा चेहरा आठवला. त्याला खरंच चांगलं खायचं होतं. यादी घेऊन दुकानात आला होता तो! आळशी मुलगा यादी घेऊन येत नाही. मराठीत सांगणारं, त्याच्या खिशाला जमेल असं सांगणारं कुणी त्याला भेटलं नाही, एवढंच.

आणि मग पुन्हा राग येतो तो आपल्यावर, म्हणजे आपल्या घरांवर. "आमच्या बाळाला चहासुद्धा करता येत नाही" हे आपल्याकडे अजून कौतुकाने सांगितलं जातं. मुलीला दहावीनंतर कणीक मळायला बसवतात, मुलाला ताट हातात देतात. तोच मुलगा बावीसाव्या वर्षी पगारातला केवढा तरी वाटा पार्सलवर घालवतो आणि तिशीच्या आत ॲसिडिटीच्या गोळ्या खातो. यात कौतुक कसलं?

पीजीत गॅस पेटवू देत नाहीत, रात्री नऊला घरी येणाऱ्याच्या अंगात त्राण नसतं, हे खरं आहे. त्यांना मेसचा डबा लावू द्या. पण ज्यांच्याकडे ओटा आहे, सिलिंडर आहे, त्यांचं काय?

भाकरीचा हट्ट मी धरणार नाही. ती हाताला बसायला वेळ लागतो. त्याऐवजी थालीपीठ शिकवा. एक वाटी ज्वारीचं पीठ, पाव वाटी बेसन, पाव वाटी कणीक, एक मोठा कांदा, मूठभर मेथी किंवा मुळ्याचा पाला (भाजीवाली तो अनेकदा काढून फेकते, मागून घ्या), तीळ, तिखट, मीठ. सैलसर भिजवून ओल्या फडक्यावर थापा, मध्ये चार भोकं पाडा, तव्यावर उलटून फडकं अलगद सोडवा. भोकांत थेंब थेंब तेल, झाकण, मध्यम आच. मोठ्या आचेवर बाहेरून काळं होतं आणि आतून पीठ कच्चं राहतं. तुटत असेल तर बहुधा ज्वारीचं पीठ जुनं आहे. त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. म्हणून थोडंच दळून आणायचं, पंधरा दिवसांचं. जेवताना लिंबू पिळा, जेवल्यावर लगेच चहा नको. पालेभाजीतलं लोह अंगी लागायचं असेल तर हे दोन्ही पाळायला लागतं.

ज्यांची मुलं येत्या जूनमध्ये शिकायला बाहेर पडणार आहेत त्यांनी बॅगेत हे भरा: तीन लिटरचा कुकर आणि त्याची एक जादा रिंग, लोखंडी कढई, तवा, मिसळणाचा डबा, दोन पंचे. कढईत आंबट भाजी तशीच ठेवायची नाही आणि धुतल्यावर कोरडी पुसून तेलाचा हात लावायचा, हे दाखवून द्या. आणि आजपासून रात्रीचा कुकर त्यालाच लावू द्या. तुम्ही स्वयंपाकघराबाहेर बसा. फोडणी करपली तर करपू दे, दुसरी करायला सांगा.