श्रीरामपूर दोन आहेत

गेल्या रविवारी मामांनी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला. ग्रुपमध्ये सत्तावीस माणसं आहेत आणि त्यात माझी वहिनीही आहे. तिचं माहेर नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचं, घर ख्रिस्ती. मेसेज पुढे ढकलताना मामांना हे आठवलं नसावं, असं मी धरून चालते. ग्रुपवर वहिनी काहीच बोलली नाही. रात्री अकराला मला एकटीला तिनं विचारलं, ‘हे खरं आहे का गं?’

पंधरा वर्षं या घरात असलेल्या बाईला हे विचारावं लागलं, म्हणून हे लिहिते आहे.

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मला तो नंतर आणखी तीन ठिकाणांहून आला. त्याचा सारांश असा: ईस्ट इंडिया कंपनीनं विल्यम केरी नावाच्या बाप्टिस्ट पाद्र्याला मराठी मुलखात हेरगिरीसाठी पाठवलं. त्यानं १८०० साली नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपुरात चर्च काढलं. पहिल्याच वर्षी तांदूळ आणि पैसे वाटून हजारो कुटुंबं बाटवली आणि आजचे नगरकडचे ख्रिस्ती हे त्यांचेच वंशज. मग त्यानं इंग्रजी साच्याचं व्याकरण मराठीवर लादलं आणि मोडी लिपी मारून टाकली. खाली उंच मनोऱ्याच्या चर्चचा फोटो आणि ‘प्रत्येक मराठी माणसापर्यंत पोहोचवा’.

श्रीरामपूरपासून सुरुवात करते, कारण सगळी इमारत त्याच विटेवर उभी आहे आणि वीटच खोटी आहे.

केरीचं श्रीरामपूर बंगालमध्ये आहे. हुगळीच्या काठावर, कोलकात्याच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटरवर. इंग्रजीत त्याला सेरामपूर म्हणतात. १८०० साली ते गाव इंग्रजांचंही नव्हतं. ती डेन्मार्कची वसाहत होती आणि डॅनिश लोक तिला आपल्या राजाच्या नावावरून फ्रेडरिक्सनगर म्हणत. केरी १७९३च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला उतरला आणि १८३४च्या जूनमध्ये याच श्रीरामपुरात वारला. मधल्या चाळीस वर्षांत तो एकदाही इंग्लंडला परत गेला नाही आणि महाराष्ट्रात तर त्यानं कधी पाऊलच ठेवलं नाही. नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर हे विसाव्या शतकात रेल्वे आणि साखर कारखान्यांमुळे वाढलेलं गाव. जुनी माणसं त्याच्या स्टेशनला अजून बेलापूर म्हणतात. १८०० साली नगरचा किल्ला दौलतराव शिंद्यांकडे होता, तो इंग्रजांनी १८०३च्या ऑगस्टमध्ये घेतला. शिंद्यांच्या मुलखात एक इंग्रज पाद्री चर्च बांधून हजारो कुटुंबं बाटवतो आणि पेशव्यांच्या दप्तरात त्याचा मागमूस नाही, हे मेसेज लिहिणाऱ्याला खटकायला हवं होतं. पुढे पाठवणाऱ्यांनाही.

फोटोतलं चर्चही केरीचं नाही. ते सेंट ओलाव्हचं, डॅनिश लुथरन पंथाचं, १८०६ साली पूर्ण झालेलं. केरी आणि त्याचे सोबती तिथे प्रवचनं करत हे खरं, पण केरीनं स्थापन केलेली मंडळी, म्हणजे चर्चच्या सभासदांचा संघ, वेगळी. ती २४ एप्रिल १८०० रोजी मिशनच्या घरात जमलेल्या मूठभर इंग्रजांची होती. त्यांनी केरीला आपला पाळक निवडलं. त्या दिवशी त्या मंडळीत एकही भारतीय माणूस नव्हता.

आता ‘पहिल्याच वर्षी हजारो कुटुंबं’. याच मुद्द्यानं माझं डोकं फिरलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

केरी भारतात आल्यापासून पहिल्या सात वर्षांत किती भारतीयांचा बाप्तिस्मा झाला? एकाचाही नाही. पहिला बाप्तिस्मा २८ डिसेंबर १८०० चा. माणसाचं नाव कृष्ण पाल, धंदा सुतारकाम. महिनाभर आधी घसरून पडल्यामुळे त्याचा खांदा निखळला होता. मिशनमधल्या डॉक्टर टॉमसनं तो बसवला आणि तिथून बोलणं सुरू झालं. २२ डिसेंबरला कृष्ण मिशनऱ्यांच्या पंगतीला बसून जेवला, म्हणजे त्यानं जात सोडली. गावात बातमी फुटली, जमाव जमला आणि त्याला ओढत डॅनिश मॅजिस्ट्रेटपुढे नेण्यात आलं. मॅजिस्ट्रेटनं जमावालाच परत पाठवलं. त्याच्याबरोबर बाप्तिस्मा घ्यायला त्याची बायको, मेहुणी आणि गोकुळ नावाचा सोबतीही तयार होते, पण हा गोंधळ पाहून ते त्या दिवशी मागे सरले. रविवारी केरी घाटावर चालत गेला तेव्हा त्याच्या एका बाजूला त्याचा थोरला मुलगा फेलिक्स होता आणि दुसऱ्या बाजूला एकटा कृष्ण पाल.

जो माणूस सात वर्षांत एक बाप्तिस्मा देतो, त्यानं त्याच वर्षी हजारो कुटुंबं तांदळावर विकत घेतली म्हणे!

शिवाय बाप्टिस्ट म्हणजे काय, हेच मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. या पंथात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. ज्याला कळतं त्यानं स्वतःच्या तोंडानं मंडळीपुढे विश्वास सांगायचा, मंडळीची खात्री पटली पाहिजे आणि मगच त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायचा. केरीला लहानपणी इंग्लंडच्या सरकारी चर्चमध्ये बाप्तिस्मा मिळालेला होता, तरी १७८३ साली, बाविसाव्या वर्षी त्यानं नेन नदीत तो पुन्हा घेतला, कारण त्याच्या लेखी पहिला बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. जबरदस्तीनं किंवा लालूच दाखवून दिलेला बाप्तिस्मा या लोकांच्या हिशेबी बाप्तिस्माच नाही.

बाटलेल्यांना काहीच मिळालं नाही, असं मी म्हणणार नाही. कृष्ण पाल पुढे मिशनचा प्रचारक झाला, काहींना मिशनमध्ये काम मिळालं. जात गेली की गावातलं काम जातं, घर जातं, सोयरीक जाते. त्यांना कुणीतरी उभं करणं भाग होतं. आणि जात खरोखर मोडली. दक्षिणेतल्या लुथरन मिशनांनी जाती चालवून घेतल्या होत्या, श्रीरामपूरकरांनी नाही. १८०३ साली कृष्णप्रसाद नावाच्या ब्राह्मण तरुणाचं लग्न या सुतार कृष्ण पालच्या मुलीशी लागलं. १८०३ साली, मामा. आपल्या घरात २००९ साली दादाच्या लग्नावरून काय झालं ते तुम्हाला आठवत असेल.

कंपनीचा हेर हा मुद्दा. कंपनीला मिशनरी नको होते. धर्मात हात घातला तर लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल ही तिची भीती. परवाना नाही म्हणून केरीला कंपनीच्या जहाजावरून इंग्लंडच्या किनाऱ्यावरच उतरवलं गेलं. मग तो डॅनिश जहाजानं आला आणि पोटासाठी मालद्याकडे मुदनाबाटीला निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक राहिला. १७९९ साली त्याचे सोबती मार्शमन आणि वॉर्ड आले तेव्हा कलकत्त्याच्या एका वर्तमानपत्रानं ‘बाप्टिस्ट’च्या जागी ‘पेपिस्ट’ छापलं, म्हणजे पोपचे कॅथलिक, आणि कंपनी सरकारला हे फ्रेंचांचे हेर असल्याचा संशय आला. डॅनिश गव्हर्नरनं आसरा दिला म्हणून केरी श्रीरामपुरात गेला. हेर असल्याचा आरोप त्यांच्यावर झाला खरा, पण तो कंपनीनं केला होता. मिशनऱ्यांना रीतसर येण्याची वाट कंपनीच्या १८१३च्या सनदेनं मोकळी झाली, म्हणजे केरी आल्यानंतर वीस वर्षांनी.

इथे अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. १८०१ पासून केरी कंपनीच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत होता आणि पगार घेत होता. आधी महिना ५०० रुपये, १८०७ पासून १०००. तो जवळजवळ सगळा मिशनच्या सामाईक पेटीत जाई, पण पैसा कंपनीचाच होता आणि ज्या गोऱ्या अधिकाऱ्यांना तो मराठी शिकवत होता ते राज्य करायलाच येत होते. मिशनच्या छापखान्यातून १८०७ साली इस्लामबद्दल अपमानकारक फारसी पत्रक निघालं, तेही खरं. आणि केरीवर टीकाच करायची तर त्याची बायको डोरोथी हिच्याबद्दल करा. तिला भारतात यायचंच नव्हतं. आग्रह करकरून तिला आणलं, मुदनाबाटीला पाच वर्षांचा मुलगा गेला, तिचं मन ढळलं ते १८०७ साली मरेपर्यंत. याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

मराठीचा मुद्दा. मी ग्रंथालयात नोकरी केली आहे, म्हणून यात मला कुणी फसवू शकत नाही. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या छपाईच्या इतिहासावर १९५८ साली ग्रंथ लिहिला. प्रियोळकर गोव्याचे, मराठीचे कट्टर अभिमानी, आणि गोव्याच्या इन्क्विझिशनवर, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयावर, सडेतोड पुस्तक लिहिणारेही तेच. पाद्र्यांची तरफदारी केल्याचा आरोप त्यांच्यावर कुणी करू शकणार नाही. श्रीरामपूरच्या मराठी छपाईची हकीकत त्यांनी काळजीपूर्वक लिहिली आहे. केरीचं मराठी व्याकरण १८०५ सालचं. ते इंग्रजीत आहे, इंग्रज अधिकाऱ्यांसाठी आहे. एकाही मराठी पोरानं त्यावरून व्याकरण घोकलं नाही. आपल्या शाळांना वळण लावलं ते १८३६ सालच्या दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणानं. केरीचं पहिलंही नव्हे: रोममध्ये १७७८ साली पोर्तुगीज भाषेत मराठीचं व्याकरण छापलं गेलं होतं. आणि केरी हे एकट्यानं करत नव्हता. कॉलेजचे मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांची मदत त्यानं स्वतः नोंदवली आहे. सिंहासनबत्तिशी, हितोपदेश ही श्रीरामपूरची मराठी पुस्तकं त्याच पंडितांच्या हातची.

मोडी मारली? याच छापखान्यानं मोडीचे छपाईचे खिळे (टाइप) पाडले. व्याकरणाच्या १८०८च्या दुसऱ्या आवृत्तीत मोडी छापलेली आहे आणि १८१०चा कोश मोडीतच आहे. मोडी छापायला अवघड, म्हणून पुस्तकं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, निघू लागली आणि बाळबोधीच टिकली. तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवत होते. माझ्या आजोबांची सही मोडीत होती, मामा. ते तुमचेच वडील.

आता नगरचे ख्रिस्ती, म्हणजे वहिनीचा प्रश्न.

त्यांचा केरीशी काही संबंध नाही. नगरला काम सुरू केलं ते अमेरिकन मराठी मिशननं, आणि ते बाप्टिस्ट नव्हते. त्यांची पहिली माणसं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरली. नगरचं ठाणं १८३१ सालचं. श्रीरामपूरचं मराठी बायबल त्यांच्या कामाचं नव्हतं. बंगालमध्ये बसून केलेली ती मराठी इथे चालेना, म्हणून त्यांनी नव्यानं भाषांतर केलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक नगरला राहिले, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. केरीला जाऊन तेव्हा साठ वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षं वेगळं राहून, स्वतः विचार करून मग बाप्तिस्मा घेतला. त्यांना कुणी किती तांदूळ दिला होता?

गावोगावचे महार-मांग ख्रिस्ती झाले, त्यातले बरेच दुष्काळाच्या वर्षांत, हे खरं आहे. १८७६-७७च्या दुष्काळात मिशननं अन्न दिलं, काम दिलं आणि नंतर मंडळ्या वाढल्या. पण त्या माणसांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं. मिशनच्या शाळेत त्यांच्या मुलांना पाटीवर अक्षर गिरवता येत होतं आणि गावच्या शाळेत ती पडवीबाहेर बसत होती. वहिनीची पणजी त्या शाळेत शिकली आणि पुढे चाळीस वर्षं शिक्षिका होती. गावातल्या सगळ्या जातींच्या पोरांना तिनं बाराखडी शिकवली. तिच्या पणतीनं परवा आपल्याच घरच्या ग्रुपवर वाचलं, की ही माणसं तांदळावर विकली गेली.

मामा, हे सगळं मी ग्रुपवरही टाकते आहे. मेसेज काढून टाकता येत नसेल, कारण वेळ उलटून गेली आहे, तर त्याच्याखाली एवढं लिहा, की केरीचं श्रीरामपूर बंगालमधलं आहे. ज्या तीन ग्रुपांवर तुम्ही तो पुढे पाठवलात तिथेही लिहा. आणि वहिनीला फोन करा.