बत्तीस पानं, पण गोष्ट कुठाय?

सांगली स्टँडवरच्या स्टॉलवर आठ वर्षांचं पोर हट्टाने सुपरहिरोच्या मराठी कॉमिकचा अंक घ्यायला लावतं आणि एसटी तासगावला पोचायच्या आत तो अंक बाजूला पडतो. दर वेळी तेच! ३२ पानांत गोष्ट जेमतेम १८ पानं, बाकी कोडी, ठिपके जोडा आणि खेळण्यांच्या जाहिराती. त्या १८ मधली पहिली सहा मागच्या अंकाची उजळणी. अहो, १९६२ मध्ये स्पायडरमॅनची अख्खी जन्मकथा ११ पानांत बसली होती! कोळी चावला, घमेंड चढली, काका गेले, जबाबदारी कळली.

आणि ते संवादांचे फुगे! इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यांत मराठी कोंबतात. वर वेलांटी, रफार, मात्रा, खाली उकार. देवनागरीच्या दोन ओळींत जास्त अंतर लागतंच. मग अक्षर बारीक करतात, ओळी एकमेकींवर चढतात, जोडाक्षरं फुटतात. नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथेच अडखळतं. छाटायचं ते वाक्य, अक्षर नव्हे. एका चौकटीला वीस-पंचवीस शब्द पुष्कळ झाले. चित्रात ठोसा दिसतोय, तरी फुग्यात ‘घे हा माझा ठोसा’ कशाला?

लहान मुलांसाठी आहे म्हणून काहीही चालतं, हे ठरवलं कुणी? खलनायक तर शेवटच्या पानावर नुसता पळून जातो, का ते लिहिलेलंच नाही.