डीएनए कार्ड हा रोगमुक्तीचा दाखला नव्हे

‘पक्षी चपळ असेल, पिसे तुकतुकीत असतील आणि विक्रेत्याने डीएनए कार्ड दिले असेल, तर विषाणूंची तपासणी हा वायफळ खर्च आहे; शंका आलीच तर एकदा पीस पाठवा, निगेटिव्ह आले की प्रश्न मिटला,’ अशा आशयाचा संदेश पुण्यातील पक्षीपालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांत फिरतो आहे. यातले एकही विधान टिकत नाही, आणि त्यावर विसंबल्याची किंमत पक्ष्यांना मोजावी लागते.

डीएनए कार्ड केवळ नर-मादी सांगते. कॉन्युअर किंवा आफ्रिकन ग्रे या पोपटांमध्ये हा फरक बाहेरून खात्रीने कळत नाही, म्हणून पिसाच्या मुळातील पेशींवरून लिंग ठरवतात. त्यासाठी पीसीआर, म्हणजे नमुन्यातील डीएनए शोधण्याचे, विषाणू तपासणीतलेच तंत्र वापरले जात असले, तरी तेथे पक्ष्याच्या स्वतःच्या गुणसूत्रांची तपासणी होते; विषाणूचा शोध घेतलेलाच नसतो.

तुकतुकीत पिसांचा भरवसाही तितकाच फसवा आहे. पीबीएफडी हा चोच आणि पिसांचा रोग सर्कोव्हायरसमुळे होतो. हा विषाणू उगवत्या पिसांना इजा करतो. त्यामुळे पूर्ण वाढलेली जुनी पिसे चांगलीच राहतात आणि विकृती पुढच्या पीसझडीत उघड होते. आफ्रिकन ग्रेच्या पिल्लांत तर रक्तातील पांढऱ्या पेशी घटून, पिसांत काहीही न दिसता मृत्यू ओढवू शकतो. पॉलिओमाव्हायरसची बाधा झालेले प्रौढ पक्षी बहुधा ठणठणीत दिसतात, पण विष्ठेतून विषाणू बाहेर टाकत राहतात आणि बजरीगर या छोट्या पोपटांची पिल्ले दगावतात.

सर्वांत घातक आहे तो ‘एकदा पीस पाठवा’ हा सल्ला, कारण प्रत्येक विषाणू शरीरात वेगळ्या ठिकाणी सापडतो. पॉलिओमासाठी रक्तासोबत क्लोएकल स्वॅब (विष्ठाद्वारातून बोळ्याने घेतलेला नमुना) घेणे श्रेयस्कर असते. जठर फुगवणाऱ्या पीडीडी या रोगाशी जोडलेला बोर्नाव्हायरस 2008 मध्ये ओळखला गेला. तो विष्ठेतून अधूनमधूनच बाहेर पडतो, म्हणून एका निगेटिव्ह अहवालाने त्याची शक्यता संपत नाही आणि काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा नमुने घ्यावे लागतात. उलट, पीबीएफडीचा विषाणू पिसांच्या धुळीतून पसरत असल्याने शेजारच्या पिंजऱ्यातील धूळ लागलेले पीस निरोगी पक्ष्यालाही पॉझिटिव्ह ठरवू शकते. पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून रक्ताचा नमुना घेणे त्यासाठीच इष्ट.

पॉझिटिव्ह अहवाल आला म्हणून पक्षी लगेच टाकून देणे हेही तितकेच चुकीचे आहे, आणि ते मला फार अस्वस्थ करते. लक्षणे नसलेल्या पक्ष्याला वेगळ्या खोलीत ठेवून सुमारे 90 दिवसांनी पुन्हा तपासावे. काही पक्ष्यांचे शरीर पीबीएफडीचा संसर्ग स्वतःच हटवते. तोवर त्याची भांडी वेगळी असावीत, त्याचे दाणापाणी इतर पक्ष्यांनंतर करावे, आणि त्या काळात घरात नवा पक्षी आणू नये.